वाट्या उपड्या घाल आणि एकेक उघड

पत्र, थोडं कापून:

"ताई, मी नांदेडची. डिप्लोमा करून डायरेक्ट सेकंड इयरला कॉम्प्युटरला आलेय. कॅम्पसच्या टेस्टमध्ये स्यूडोकोडचे (कुठल्याही लँग्वेजशिवाय साध्या शब्दांत लिहिलेल्या प्रोग्रामच्या पायऱ्या) प्रश्न असतात म्हणून सीनियरकडून दोनशे प्रश्नांची पीडीएफ घेतली आणि दोनदा पूर्ण केली. उत्तर बघितलं की सगळं कळतं, पण कोरा कागद समोर आला की पेनच हलत नाही. ॲरे आणि लूप एकत्र आले की तर संपलंच. लूप शून्यापासून की एकपासून, < की <=, इथे दरवेळी माती खाते. इफ-एल्सच्या तीनचार पायऱ्या झाल्या की कुठली आधी तेच कळत नाही. वर्गातली मुलं म्हणतात सी लँग्वेज धड येत नाही तर स्यूडोकोड काय येणार. आधी एक लँग्वेज पूर्ण करू का? की मला मुळात लॉजिकच नाहीये?"

अगं, पहिलं म्हणजे ते शेवटचं वाक्य खोडून टाक. आपण नेमकं कुठे अडतो हे जिला एवढं स्वच्छ सांगता येतं तिला लॉजिक नाही असं कोण म्हणेल, आणि ती वर्गातली मुलं आत्ता मोठ्या तोंडाने बोलतायत त्यातल्या निम्म्यांना सात आकड्यांतला दुसरा मोठा आकडा शोधायचा स्यूडोकोड लिहायला लाव, बघ काय होतं ते.

दोनशे प्रश्न दोनदा केलेस म्हणतेस, पण केलेस म्हणजे वाचलेस ना? खरं सांग. त्या पीडीएफ मी बघितल्यात, प्रश्न संपला की लगेच खाली ठळक अक्षरात उत्तर, डोळा आधी तिथेच जातो आणि मग वाटतं की हो हो, हेच तर येणार होतं. त्यामुळे ती पीडीएफ आता पंधरा दिवस बंद. त्याऐवजी स्वयंपाकघरातून सात वाट्या आण. चेष्टा करत नाहीये, खरंच आण.

सात चिठ्ठ्यांवर आकडे लिही: ४१, १७, ६३, ८, ६३, २९, ५०. एकेक चिठ्ठी एकेका वाटीखाली ठेव, वाट्या उपड्या, एका ओळीत. आता नियम असा की एका वेळी एकच वाटी उचलायची, आकडा बघायचा, परत झाकायची आणि मगच पुढची उचलायची. लक्षात ठेवायला एक कोरा कागदाचा कपटा जवळ ठेव, त्यावर एका वेळी एकच आकडा राहील, नवा लिहायचा तर जुना खोडायचा. आता यातला सगळ्यात मोठा आकडा शोध.

करताना तुझं तुलाच कळेल काय होतंय ते. पहिली वाटी उचलली, ४१, कपट्यावर लिहिला. दुसरी, १७, लहान आहे, सोडला. तिसरी, ६३, मोठा आहे, ४१ खोडून ६३ लिहिला. असं शेवटपर्यंत. बस, हाच स्यूडोकोड. कपटा म्हणजे व्हेरिएबल, वाट्या म्हणजे ॲरे, वाटीवरून पुढच्या वाटीवर सरकणं म्हणजे लूप आणि 'मोठा आहे का' हा प्रश्न म्हणजे कंडिशन. तू कागदावर हेच सात आकडे एका ओळीत लिहिलेले बघतेस तेव्हा डोळा सगळे एकदम बघतो आणि ६३ आपोआप दिसतो, पायऱ्या झालेल्याच नसतात मग लिहिणार काय? पेन हलत नाही ते यामुळे. कॉम्प्युटर आंधळा आहे बिचारा, त्याला एका वेळी एकच वाटी दिसते, आणि त्याच्यासाठी लिहायचं तर आपणही तेवढ्यापुरतं आंधळं व्हायला लागतं. आयआयटी मद्रासच्या ऑनलाइन बीएसमध्ये फाउंडेशनलाच कम्प्युटेशनल थिंकिंग नावाचा विषय आहे, तिथेसुद्धा आधी कार्डांचा गठ्ठा घेतात, वरचं एक कार्ड उचलायचं, वाचायचं, दुसऱ्या गठ्ठ्यात टाकायचं, आणि मग पुढे स्यूडोकोड. म्हणजे वाट्या घेऊन बसलीस तर कोणी हसायचं कारण नाही. (घरचे हसतील. हसू देत.)

मोठा आकडा जमला की लगेच दुसरा मोठा शोध. आता दोन कपटे लागतील, 'पहिला' आणि 'दुसरा'. इथे खरी मजा आहे. ६३ आला की पहिल्या कपट्यावरचा ४१ खोडण्याआधी तो दुसऱ्या कपट्यावर उतरवायला लागतो, आधी खोडलास तर ४१ गेला तो गेलाच. हातात कपटे असले की ही चूक होत नाही, कागदावर मात्र दहातले सात जण ओळींची अदलाबदल करतात. आणि पाचव्या वाटीत परत ६३ निघतो, तेव्हा थांब. दुसरा मोठा आकडा ६३ म्हणायचा की ५०? प्रश्नात काय म्हटलंय ते परत वाच. वेगळा आकडा हवा असेल तर असं (क्र म्हणजे वाटीचा क्रमांक, आणि पहिली वाटी म्हणजे वाटी[०], ते का ते पुढे सांगते):

पहिला = वाटी[०]
दुसरा = काही नाही
क्र १ पासून ६ पर्यंत
  जर वाटी[क्र] > पहिला
    दुसरा = पहिला
    पहिला = वाटी[क्र]
  नाहीतर जर वाटी[क्र] < पहिला आणि (दुसरा काही नाही किंवा वाटी[क्र] > दुसरा)
    दुसरा = वाटी[क्र]
लिही दुसरा

यातला 'वाटी[क्र] < पहिला' हा तुकडा काढून टाक आणि परत वाट्या उघड, पाचव्या वाटीला दुसऱ्या कपट्यावर ६३ चढेल आणि शेवटपर्यंत उतरणार नाही, उत्तर ५० ऐवजी ६३. एवढ्याशा तुकड्याने.

आणि एक, 'पहिला = ०' असं लिहून सुरुवात करायचा मोह होतो, पुष्कळ पीडीएफमध्ये तसंच असतं. करू नकोस. मी नोकरीला लागले तेव्हा पहिल्याच वर्षी एका रिपोर्टमध्ये हेच केलं होतं, दुकानांची महिन्याची वाढ-घट होती आणि सगळ्यात जास्त वाढ कुठल्या दुकानाची ते वर दाखवायचं होतं. चार महिने झकास चाललं. पाचव्या महिन्यात सगळीच दुकानं तोट्यात गेली, सगळे आकडे उणे, आणि शून्यापेक्षा मोठा त्यात एकही नाही, त्यामुळे रिपोर्टच्या वर दिमाखात शून्य आणि दुकानाचं नाव कोरं. साहेबांनी विचारलं हे कुठलं दुकान. काय सांगणार? म्हणून सुरुवात कायम ॲरेतल्या पहिल्या खऱ्या आकड्याने करायची, स्वतःच्या मनच्या आकड्याने नाही.

आता तुझं शून्य की एक.

तू बिल्डिंग बघितल्येस ना, जी प्लस फोर म्हणतात ती. तळमजला आणि वर चार. लिफ्टमध्ये शेवटचं बटण ४ असतं, पण मजले मोजलेस तर पाच. तळमजला म्हणजे शून्य, कारण लिफ्टचा आकडा 'जमिनीपासून किती मजले वर' हे सांगतो, 'कितवा' हे सांगतच नाही. ॲरेचा इंडेक्स, म्हणजे वाटीचा क्रमांक, अगदी तस्साच, पहिल्या वाटीपासून किती वाट्या पुढे. पहिली वाटी शून्य वाट्या पुढे, सातवी सहा वाट्या पुढे. म्हणून सात वाट्या असतील तर ० ते ६, आणि सीमध्ये लिहिताना क्र < ७. क्र <= ७ लिहिलंस की लिफ्ट गच्चीच्या वर निघाली. डाइक्स्ट्रा नावाचे मोठे कॉम्प्युटर शास्त्रज्ञ होऊन गेले, त्यांनी ११ ऑगस्ट १९८२ ला मोजणी शून्यापासून का करावी यावर हाताने लिहिलेलं एक छोटंसं टिपण आहे, दोनतीन पानांचं, म्हणजे हा प्रश्न फक्त तुलाच पडलाय असं समजू नकोस.

पण स्यूडोकोडची गोम अशी की तिथे एक ठरलेला नियम नाही. केंब्रिज बोर्डाच्या कॉम्प्युटर सायन्सच्या पेपरमध्ये ॲरे बहुतेक १ पासून सुरू होतात, कॅम्पसच्या टेस्टमध्ये बहुतेक ० पासून, कारण त्यांच्या डोक्यात सी किंवा जावा असतं. आणि '२ पासून ५ पर्यंत' असं शब्दांत लिहिलं असेल तर ५ धरायचा, पायथॉन लँग्वेजमधल्या रेंजसारखा शेवटचा आकडा सोडायचा नाही. तेव्हा पाठ करत बसू नकोस. प्रत्येक लूपला तीन गोष्टी विचार: पहिल्या फेरीत क्र किती, शेवटच्या फेरीत किती, आणि एकूण फेऱ्या किती. शेवट वजा सुरुवात अधिक एक, एवढ्या फेऱ्या. मधल्या फेऱ्या आपल्या त्या बरोबर येतात, माती खाल्ली जाते ती दोन टोकांनाच. दहादहा फुटांवर खांब रोवून शंभर फूट तार ओढायची तर खांब अकरा लागतात, दहा आणलेस तर शेवटचं टोक हातात धरून उभं राहायला लागेल.

आता टेस्टचा प्रश्न. ॲरे नसलेलाच घेते, कारण मला फक्त वहीतला तक्ता दाखवायचाय.

अ = ४, ब = ३
प्रत्येक क साठी, २ पासून ५ पर्यंत
  जर क ला २ ने भाग जात असेल
    अ = अ + ब
  नाहीतर
    ब = अ − क
लिही अ + ब

डोक्यात करायला जाऊ नकोस. वहीत तीन रकाने पाड, प्रत्येक फेरीला एक ओळ:

सुरुवात: अ ४, ब ३
क २: अ ७, ब ३
क ३: अ ७, ब ४
क ४: अ ११, ब ४
क ५: अ ११, ब ६

उत्तर १७. शेवटची फेरी विसरलीस तर १५ येतं, आणि १५ हा पर्याय चारात असणारच, पेपर काढणारा काय दुधखुळा नाही. तिसऱ्या ओळीत अजून एक सापळा आहे बघ, तिथे ब काढताना अ जुना ४ धरायचा नाही, नवा ७ धरायचा. यात लॉजिक बिजिक फार नसतं गं, ही किराणा दुकानातली उधारीची वही आहे, कोणाच्या नावावर आत्ता किती एवढंच. ज्यांची ओळ चुकत नाही ते पास होतात. म्हणून घाईत रकाने गाळणारी हुशार पोरं इथे आपटतात आणि शांतपणे तक्ता मांडणारी निघून जातात. आपण याला ड्राय रन म्हणतो, जर्नलमध्ये लिहायलाही लावतात, पण बहुतेक जण आधी उत्तर काढतात आणि मग तक्ता भरतात, त्याचा काय उपयोग.

इफ-एल्सचं तू लिहिलंस ते मात्र मला सगळ्यात जास्त आवडलं, कारण त्याचं उत्तर आपल्या एसटीत बसलेलं आहे. तिकिटाचे नियम घे. पाच वर्षांखालचं मूल फुकट, ५ ते १२ अर्धं तिकीट, ६५ ते ७५ च्या ज्येष्ठांना अर्धं, ७५ पूर्ण झालेल्यांना २०२२ पासून फुकट आणि १७ मार्च २०२३ पासून सगळ्या बायकांना अर्धं. आता कोणी घाईत असं लिहिलं:

जर प्रवासी महिला
  तिकीट = अर्धं
नाहीतर जर वय >= ७५
  तिकीट = मोफत
नाहीतर जर वय >= ६५
  तिकीट = अर्धं
नाहीतर जर वय < ५
  तिकीट = मोफत
नाहीतर जर वय <= १२
  तिकीट = अर्धं
नाहीतर
  तिकीट = पूर्ण

दिसायला काही चूक नाही. एकेक ओळ सुटी वाचलीस तर प्रत्येक नियम खरा आहे. आता ७८ वर्षांचे आजोबा, ७६ वर्षांची आजी आणि तीन वर्षांची नात यांना घेऊन या कोडच्या बसमध्ये चढ. आजोबा पहिल्या ओळीत अडत नाहीत, दुसऱ्या ओळीत मोफत. आजी पहिल्याच ओळीत अडकली, अर्धं तिकीट, खालच्या ओळी तिच्यापर्यंत पोचल्याच नाहीत. नातीचंही तेच, कडेवरच्या पोरीचं अर्धं तिकीट फाडलं. आजोबा फुकट आणि आजीला पैसे, मग नांदेडपासून लातूरपर्यंत ऐकायला लागेल ते वेगळंच.

एल्स-इफची, म्हणजे 'नाहीतर जर'ची, शिडी वरून खाली वाचली जाते आणि जिथे पहिल्यांदा 'हो' येतं तिथे माणूस उतरतो, खाली काय लिहिलंय त्याला कळतही नाही. त्यामुळे कुठली कंडिशन आधी याचं उत्तर असं की दोन नियम एकाच माणसाला लागू होत असतील तर त्यातला जो जिंकायला हवा तो वर. आजीला दोन्ही लागू आहेत, मोफत जिंकायला हवा, मोफतचे नियम वर घे. मग सगळं तीन पायऱ्यांत येतं:

जर वय < ५ किंवा वय >= ७५
  तिकीट = मोफत
नाहीतर जर प्रवासी महिला किंवा वय <= १२ किंवा वय >= ६५
  तिकीट = अर्धं
नाहीतर
  तिकीट = पूर्ण

इथे एक गंमत बघ, ही फक्त आपल्या भाषेमुळे होते असं नाही पण मराठीत विचार करणाऱ्याला हमखास चावते. आपण बोलताना म्हणतो, 'पाचखालची मुलं आणि पंचाहत्तरचे म्हातारे फुकट'. तोंडात 'आणि' आहे म्हणून हात कागदावरही 'आणि' लिहितो. वय < ५ आणि वय >= ७५. असा माणूस जन्माला यायचाय! एकाच वेळी तीन वर्षांचाही आणि अठ्ठ्याहत्तरचाही. कंडिशन कायम खोटी, बसमध्ये कोणालाच मोफत नाही. बोलताना आपण माणसांची यादी करत असतो म्हणून 'आणि', कोडमध्ये समोर उभ्या असलेल्या एकाच माणसाला प्रश्न विचारत असतो म्हणून 'किंवा'. परत तेच झालं ना, एका वेळी एकच वाटी.

ही शिडी तपासायला माणसं निवडायची ती काठावरची. ४, ५, १२, १३, ६४, ६५, ७४, ७५, आणि प्रत्येक वयाचा एक बाप्या आणि एक बाई. तीस वर्षांचा माणूस घालून काही कळत नाही, तो बरोबरच येतो.

आता तुला गृहपाठ देते, आणि तो पीडीएफमधला नाही, आपल्या देवळालीचा आहे. दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर, जन्म १९०५ डहाणूचा, देवळालीला शाळेत मास्तर होते, आणि शाळा सांभाळून आयुष्यभर आकड्यांशी खेळत बसले. १९४९ मध्ये त्यांनी दाखवलं की कुठलीही चार अंकी संख्या घ्या, फक्त चारही अंक सारखे नकोत, तिचे अंक उतरत्या क्रमाने लावा, चढत्या क्रमाने लावा, मोठीतून लहान वजा करा, आलेल्या उत्तराचं परत तेच करा. जास्तीत जास्त सात फेऱ्यांत ६१७४ येतं. नंतर कितीही वेळा करा, ६१७४ च. ३५२४ घेऊन बघ: ५४३२ − २३४५ = ३०८७, मग ८७३० − ०३७८ = ८३५२, मग ८५३२ − २३५८ = ६१७४. तीन फेऱ्या.

यात तुला हवं ते सगळं एका ठिकाणी आहे, ॲरे, आत लूप, बाहेर लूप, कंडिशन. माझा कच्चा आराखडा असा:

फेऱ्या = ०
जोपर्यंत संख्या ६१७४ नाही
  क्र ० पासून ३ पर्यंत
    अंक[क्र] = संख्या भागिले १० ची बाकी
    संख्या = संख्या भागिले १० चा पूर्ण भागाकार
  अंक चढत्या क्रमाने लाव
  लहान = ०, मोठी = ०
  क्र ० पासून ३ पर्यंत
    लहान = लहान × १० + अंक[क्र]
    मोठी = मोठी × १० + अंक[३ − क्र]
  संख्या = मोठी − लहान
  फेऱ्या = फेऱ्या + १
लिही फेऱ्या

'चढत्या क्रमाने लाव' ही एक ओळ मी तशीच सोडलीये, स्यूडोकोडमध्ये ते चालतं, नंतर तिचा वेगळा स्यूडोकोड तू लिही. पहिली त्रुटी तुला लगेच सापडेल, कोणी ११११ दिला तर उत्तर शून्य, शून्याचं परत शून्य, लूप कायमचं फिरत बसेल. म्हणजे आधी एक तपासणी हवी. ती तू घाल.

पण मला खरं दाखवायचंय ते दुसरंच. बहुतेक मुलं अंक काढायचं लूप 'क्र ० पासून ३' असं लिहीत नाहीत, ती लिहितात 'जोपर्यंत संख्या > ०', कारण प्रॅक्टिकलला अंकांची बेरीज तशीच शिकवलेली असते. तसं लिही आणि २१११ घालून तक्ता मांड. पहिली फेरी, २१११ − १११२ = ९९९. तीन अंकी! आता 'संख्या > ०' वालं लूप तीनच वेळा फिरतं, ९, ९, ९ हे वाटी ०, १, २ मध्ये पडतात आणि वाटी ३ मध्ये मागच्या फेरीचा २ तसाच उरलेला, खरकटा. मग क्रम लागतो २, ९, ९, ९ आणि वजाबाकी होते ९९९२ − २९९९ = ६९९३. पुढे ६२६४, मग ४१७६, मग ६१७४. पाच फेऱ्या.

आता बरोबरवालं कर. चौथ्या वाटीत ० पडतो, ९९९० − ०९९९ = ८९९१. मग ८०८२, मग ८५३२, मग ६१७४. किती फेऱ्या झाल्या? पाच!

कळलं का काय झालं ते? चुकीचा कोड, मधले तीन आकडे साफ चुकीचे, तरी उत्तर ६१७४ आणि फेऱ्याही पाच. कारण कापरेकरांचा आकडाच असा मायाळू आहे की चार अंकी काहीही घेऊन आलात तरी तो तुम्हाला ६१७४ लाच पोचवतो, त्यामुळे तुझी चूक तो पोटात घालतो. उत्तर जुळवून बघणाऱ्याला ही चूक कधीच सापडणार नाही, तक्त्याच्या दुसऱ्या ओळीत मात्र ती धडधडीत दिसते. मला स्वतःला हे पहिल्यांदा दिसलं तेव्हा मी चहा गार होऊ दिला होता. दुरुस्ती दोन प्रकारे होते, एकतर चार वेळा फिरणारं लूप ठेव, नाहीतर प्रत्येक फेरीच्या सुरुवातीला चारही वाट्यांत ० टाकून घे. दोन्ही करून बघ.

आधी लँग्वेज पूर्ण करू का, याचं उत्तर छोटं आहे: नको. पूर्ण लँग्वेज कोणाचीच होत नाही, वीस वर्षं कोड लिहिणाऱ्यांचीसुद्धा. आधी मराठीत तोंडी सांग, मग स्यूडोकोड, मग तक्ता, आणि तक्ता जुळला की तोच सीमध्ये टाइप करून चालव. सेमिकोलनची भांडणं शेवटी. मराठीत व्हेरिएबलची नावं ठेवलीस तर घरच्या वहीत ठेव खुशाल, सबमिशनला मात्र मॅडमना चालतील तशीच.

रोज एकच प्रश्न. वीस नको. पहिले दोनतीन दिवस वाट्या, मग वाट्यांशिवाय. मोठा, दुसरा मोठा, सम किती विषम किती, एखादा आकडा आहे की नाही, ॲरे उलटा करणं. उलटा करताना पहिली आणि शेवटची वाटी बदलायची, मग आतल्या दोन, असं मध्यापर्यंतच जायचं हं, शेवटपर्यंत गेलीस तर सगळं परत सुलट होतं आणि आपण काहीच केलं नाही असं वाटतं. अदलाबदलीला एक रिकामी वाटी जास्तीची लागते, ती का लागते हे दोन कपांत चहा आणि दूध असताना एकमेकांत बदलायचा प्रयत्न केलास की कळेल. सॉर्टिंग, म्हणजे आकडे क्रमाने लावणं, त्यानंतर, आधी नाही. पंधरा दिवसांनी ती पीडीएफ उघड, उत्तरावर पट्टी ठेव, तक्ता आधी.

आणि एक काम बाकी आहे. वर तिकिटात मी वय <= १२ लिहिलंय, पण नियमात '५ ते १२' एवढंच असतं. बारा पूर्ण झालेला पोरगा अर्ध्यात बसतो की पूर्ण तिकिटात, म्हणजे <= की <, हे मी माझ्या मनाने ठरवलंय. पुढच्या वेळी गावी जाताना कंडक्टरला विचार आणि मला कळव, मग ती ओळ नक्की करू.

— ताई